सहा इंचांवर एक

हायलियात, टायरच्या दुकानामागे
एक प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यात एक तोफ.
हसू नका, खरीच तोफ. हवेच्या दाबावर चालते,
गोळ्याऐवजी लाकडाची फळी सुटते तिच्यातून,
नऊ पौंडांची,
कुणाच्यातरी उडालेल्या छपराची प्रतिनिधी.

मी काउंटीची माणूस, साक्षीला उभी असते.
फळी बसते. काच तडकते, कोळ्याचं जाळं पसरतं,
पण फाटत नाही.
मग नऊ हजार वेळा तिला ओढायचं, ढकलायचं,
श्वास घ्यायला लावायचा जणू,
आणि तरीही चौकटीत राहिली
तर माझी सही, एक क्रमांक, नोंदवहीत एक ओळ.

ओरेस्तेस केसादाचं दार
सात हजार चारशे अकराव्या श्वासाला
खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुटलं.
आराखड्यात होतं: सहा इंचांवर एक स्क्रू.
त्याच्या पोराने तिथे आठ घेतले होते.
"दोन इंच, सेन्योरा. दोन इंचांत काय जातं?"
मी लिहिलं, नामंजूर.
त्याने दाराच्या कडेवरून हात फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा,
आणि मला कॉफी विचारली.
नको म्हणाले.

माझे वडील अकोल्याच्या बाजारात वजनं-मापं तपासायचे.
माप पालथं करून बुडाचा शिक्का अंगठ्याने चाचपायचे,
समोरचा चहा गार होऊ द्यायचे.
"साहेब, शेरामागे एक चिमूट!"
चिमटीचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता:
रोजची चिमूट, वर्षाचं पोतं.
आम्हाला लग्नाची आमंत्रणं कमी यायची.

ऑक्टोबरात वादळ आलं.
त्याचं नाव सांगत नाही,
नाव दिलं की वादळ पाहुण्यासारखं वाटतं.
रात्री अडीचला दिवे गेले. चौथा मजला, भाड्याचं घर,
बाल्कनीचं दार आत, बाहेर, आत.
सवयीने मी मोजू लागले.
शंभराच्या पुढे आकडे चुकले.

मोबाईलच्या उजेडात कोपऱ्यातला स्टिकर वाचला:
मंजुरी क्रमांक, खाली मुदत, सहा वर्षांपूर्वी संपलेली.
मुदत संपली म्हणून दार पडत नाही,
हे मीच लोकांना फोनवर समजावते.
क्रमांकापुढची आद्याक्षरं ओळखीची होती,
माझ्या खुर्चीवर माझ्याआधी बसलेल्या माणसाची.
मग बोटाने स्क्रू चाचपत खाली गेले.
सात, आठ, नऊ.
दहाव्या जागी रंगाखाली
बोटाला पुट्टी लागली.

आम्ही दाराला मंजुरी देतो.
दार बसवणाऱ्याच्या शुक्रवारी संध्याकाळच्या कंटाळ्याला
कुठला क्रमांक द्यावा?

मी तिथे तळहात टेकवला, पाठ भिंतीला लावली.
तळहाताची चाचणी कुणी घेतलेली नाही.
उजाडेपर्यंत मी वाऱ्याला शिव्या दिल्या, आधी इंग्रजीत,
मग वऱ्हाडीत, त्या जास्त टिकाऊ निघाल्या.

दार राहिलं.
का राहिलं, ते अहवालात लिहिता येणार नाही.
बहुधा वाऱ्याने दुसरी भिंत धरली,
दुसरं कुणाचंतरी दार.

गुरुवारी कचेरी उघडली.
टेबलावर केसादाची नवी फाईल. आराखड्यावर
लाल शाईने एकेक स्क्रू हाताने काढलेला,
प्रत्येकाला आकडा, एक ते छत्तीस,
पोराच्या कोवळ्या अक्षरात.
मी त्यावरही पट्टी ठेवली.
बावीस आणि तेवीसमध्ये जरा जास्त वाटलं,
पुन्हा मोजलं. बरोबर होतं.
तोफेची तारीख दिली.

मग घरमालकाला पत्र लिहायला घेतलं:
बाल्कनीचं दार, उजवी बाजू,
वरून दहावा.